जुनी जपानी अ‍ॅनिमे कार्डं: पहिला पुरा संच कसा जमवावा

मी विकत घेतलेला पहिला 'पुरा संच' सहा कार्डांनी अपुरा होता. विकणाऱ्याने फसवलं नव्हतं. यात फक्त साधी कार्डं आहेत असं त्याने जपानीत स्वच्छ लिहिलं होतं. ते दोन शब्द मला वाचता येत नव्हते, एवढंच. ठाण्याच्या घरी पाकीट फोडलं, पलंगावर सहा-सहाच्या ओळी लावल्या, 36 भरली. मग क्रमांक ताडून बघितले तर सहा गायब. ती सहा म्हणजे चमकणारी कार्डं. जपानी पोरांनी ज्यांच्यासाठी खाऊचे पैसे उडवले होते, नेमकी तीच.

ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांनी माझ्या चुका फुकटात घ्याव्यात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ही कार्डं कुठली ते

1988 साली बंदाई कंपनीने जपानमध्ये 'कार्डदास' नावाची मशिनं आणली. खेळण्यांच्या दुकानांबाहेर आणि दागाशियांच्या दारात ती उभी असत. दागाशिया म्हणजे मुलांच्या स्वस्त खाऊचं दुकान. आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर बोरकूट, चिंचा नि लिमलेटच्या गोळ्या विकणारी जी टपरी असायची, तिची ही जपानी बहीण. 20 येन घालायचे, खटका फिरवायचा, फटीतून एक कार्ड बाहेर. कुठलं येईल ते नशीब. ड्रॅगन बॉल, एसडी गंडम, सेंट सेइया, पुढे सेलर मून, यू यू हाकुशो, स्लॅम डंक, अशा त्या काळच्या बहुतेक गाजलेल्या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मालिका या मशिनांतून गेल्या.

हा नाद त्याआधीपासूनचा. 1971 मध्ये काल्बी कंपनीने कामेन रायडर या मालिकेच्या नावाने खाऊ काढला, सोबत एक कार्ड. पोरं कार्ड खिशात घालून खाऊ न खाताच फेकून द्यायला लागली, आणि जपानभर त्याची ओरड झाली. कामेन रायडर काही अ‍ॅनिमे नाही, तरी कार्डांचं वेड काय चीज आहे हे कळायला हा किस्सा पुरेसा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. ही कार्डं जपून ठेवायला छापलेली नव्हती. ती खेळायला, बदलायला, रबरबँड लावून दप्तरात कोंबायला छापलेली होती. आज कोऱ्या कडांचं कार्ड हातात आलं तर समजायचं, कुणीतरी फार शहाणं पोर होतं, किंवा ते कार्ड त्याच्याकडे डबल होतं.

पायरी 1: एकच मालिका, तिचा एकच भाग

नवा माणूस हमखास इथे घसरतो. दहा मालिकांची दोन-दोन कार्डं घेऊन बसतो आणि वर्षभराने हाती पसारा उरतो, संच एकही नाही.

माझा सल्ला: बंदाईच्या कार्डदासपासून सुरुवात करा, आणि त्यातही ड्रॅगन बॉलच्या मुख्य मालिकेपासून. संग्राहक तिला 'होन्दान' म्हणतात. हिचे भाग एकामागून एक निघाले, याद्या जगभरच्या लोकांनी करून ठेवल्या आहेत, आणि माल अजून भरपूर फिरतो. भागाला जपानीत 'दान' म्हणतात. आपल्या सारीपाटातलं दान वेगळं, पण नशिबाचा खेळ दोन्हीकडे आहे. सुरुवातीच्या दानांत 42 कार्डं असतात: 36 साधी आणि 6 चमकणारी. पहिल्या संचाला हा आकडा बरोबर बसतो. फार मोठा नाही, आणि आठवड्यात संपावा इतका लहानही नाही.

बंदाईखेरीज अमादा कंपनीची 'पीपी कार्डं' आहेत, ड्रॅगन बॉल नि सेलर मूनची. चित्रं सुंदर असतात. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. पोकेमॉनची बंदाईने 1996 मध्ये काढलेली कार्डदासही आहेत, पण पोकेमॉन म्हटलं की सगळं जग बोली लावायला उभं राहतं. नवशिक्याने त्या गर्दीत शिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात तुमचा जीव पिकाचूतच अडकला असेल तर माझं ऐकणार कोण!

पायरी 2: खरेदीच्या आधी यादी

'पुरा' म्हणजे किती, हे पहिलं कार्ड घेण्याआधी लिहून काढा. फक्त साधी 36? की चमकणाऱ्यांसकट 42? काही भागांतली चमकणारी कार्डं दोन थरांची असतात; वरचा थर सोलला की खाली वेगळं चित्र. मग सोललेलं चालेल, न सोललेलंच हवं, की दोन्ही? मशिनच्या दर्शनी भागात लावायचा जाहिरातीचा पुठ्ठाही काही लोक संचात धरतात. मी धरत नाही. कुठेतरी थांबायला हवं.

मग एक तक्ता करा: क्रमांक, पात्र, साधं की चमकणारं, अवस्था, किती येनला घेतलं, कुणाकडून. वहीत करा नाहीतर एक्सेलमध्ये, पण करा. मी सहा महिने डोक्यात यादी ठेवून होतो. परिणाम म्हणजे एकाच कार्डाच्या चार प्रती.

आता थोडं गणित, कारण त्यावर पुढची सगळी खरेदी ठरते. समजा 36 साधी कार्डं सारख्याच प्रमाणात छापली आहेत आणि तुम्ही एकेक आंधळेपणाने उचलता आहात. सगळी 36 मिळायला सरासरी 150 कार्डं उचलावी लागतात. त्यातली पहिली 30 वेगवेगळी कार्डं साधारण 62 उचलण्यांत हाती येतात. उरलेल्या 6 साठी आणखी 88! शेवटच्या एकट्यासाठीच सरासरी 36.

याचा व्यवहारातला अर्थ असा. सुट्ट्या, सरमिसळ गठ्ठ्यांनी सुरुवात करायला हरकत नाही, कारण पहिले दोन-तीन गठ्ठे भराभर यादी भरतात. पण तिशीच्या पुढे गेलात की गठ्ठे बंद. तिथून पुढे हवं तेच कार्ड, क्रमांक बघून, सुटं घ्यायचं. आणि घाई असेल तर त्याहून सोपा रस्ता म्हणजे कुणीतरी आधीच जमवलेला साध्या कार्डांचा संच एकरकमी घेणं. ते 150 वेळा खटका फिरवण्याचं काम पस्तीस वर्षांपूर्वी एका मुलाने तुमच्यासाठी करून ठेवलेलं आहे.

पायरी 3: बारा-पंधरा शब्द

अख्खी जपानी शिकायची गरज नाही. आकडे आपल्या ओळखीचे इंग्रजी पद्धतीचेच असतात. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर होतं, पण संग्राहकांची बोली त्याला कळत नाही आणि तो काहीच्या बाही सांगतो. म्हणून पुढचे शब्द जपानी अक्षरांत एका कागदावर उतरवून घ्या, डोळ्यांना ते ओळखू आले पाहिजेत. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वाण नाही. ओळखीत कुणी असेल तर एका चहावर हे काम होतं.

'कोम्पु' म्हणजे पुरा संच. 'नोमारु कोम्पु' म्हणजे फक्त साध्या कार्डांचा पुरा संच. मला नडले ते हेच दोन शब्द. 'फुरु कोम्पु' म्हणजे चमकणाऱ्यांसकट. चमकणारं कार्ड म्हणजे 'किरा'. जपानीत किराकिरा म्हणजे आपलं लखलख. हातात धरून जरा तिरकं केलं की मागच्या चंदेरी कागदावरचे चौकोन एकेक करून रंग बदलतात, आणि पुढचा गोकू, म्हणजे ड्रॅगन बॉलचा नायक, मात्र जागचा हलत नाही. ते बघितलं की शब्द पाठ करावा लागत नाही.

'दाबुरी' म्हणजे डबल. शब्द इंग्रजीतूनच तिकडे गेलेला. जपानी पोरं आणि आपण, दोघांनीही त्या शब्दाचं एकच केलं.

अवस्थेचे शब्द जास्त महत्त्वाचे. 'बिहिन' म्हणजे चांगल्या अवस्थेतलं, पण हे विकणाऱ्याचं मत असतं. 'किझु' म्हणजे ओरखडा. 'शिरोकाके' म्हणजे कडेचा रंग उडून पांढरं दिसणं. 'सोरी' म्हणजे कार्ड वाकणं, किरा कार्डांत फार. 'याके' म्हणजे उन्हाने उतरलेला रंग. 'मिहागाशी' म्हणजे न सोललेलं. 'फुक्कोकु' म्हणजे पुनर्मुद्रण. हा शब्द दिसला की सावध व्हा. आणि 'नो क्लेम, नो रिटर्न' हे तर जपानी उच्चारात वाचलं तरी कळतं.

पायरी 4: खरेदी

जपानमधले मुख्य बाजार चार: याहू ऑक्शन, मेरकारी, सुरुगाया आणि मांदाराके. मांदाराके 1980 मध्ये तोक्योच्या नाकानो ब्रॉडवे या इमारतीत एका छोट्या दुकानापासून सुरू झालं. आज त्याच इमारतीत त्याचे कितीतरी गाळे आहेत आणि ते परदेशी माल पाठवतात. नातेवाईक किंवा मित्र जपानला जाणार असेल तर नाकानोची चक्कर त्याच्या गळ्यात घाला. शिंजुकूहून चुओ मार्गाची गाडी पाच-सात मिनिटांत नेते. मात्र जाणाऱ्याला यादी छापून द्या, 'जुनी ड्रॅगन बॉल कार्डं आण' एवढंच सांगाल तर नवीन कोरी घेऊन येईल. माझ्या भाच्याने आणली.

सुरुगायामध्ये भाव बरे असतात, पण तिथे दिसणारा फोटो बहुधा नमुन्याचा असतो; तुम्हाला येणाऱ्या कार्डाचा नव्हे. साध्या कार्डांना चालेल. किरा कार्ड तिथून घेताना मी बिचकतो.

याहू आणि मेरकारीवरून भारतातून सरळ खरेदी करणं जमण्यासारखं नाही. त्यासाठी मध्यस्थ सेवा आहेत, बायी, झेनमार्केट वगैरे. ते तुमच्या वतीने घेतात, जपानमधल्या आपल्या गोदामात ठेवतात आणि सांगाल तेव्हा पाठवतात. इथे पैशाचा खरा हिशेब सुरू होतो. कार्डाची किंमत, मध्यस्थाचा आकार, जपानमधल्या जपानमधलं टपाल, तिथून भारतापर्यंतचं टपाल, आणि इकडे कस्टम ड्युटी व कर. एका साध्या कार्डासाठी हे सगळं भरणं म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. म्हणून गोदामात ठेवण्याची मुदत बघून घ्या, तेवढ्या काळात छोट्या छोट्या खरेद्या साठवा, आणि सगळं एका खोक्यात मागवा. ट्रॅकिंग असलेलंच टपाल निवडा. पाकिटावर किंमत कमी लिहायला सांगू नका. कस्टमने उघडलं की डोकेदुखी तुमची, आणि हरवलं तर भरपाईही त्या कमी किमतीचीच.

लिलावाची एक खुबी. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिकडचे बरेच लिलाव रात्री नऊ ते अकरात संपतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. ऑफिसातून निघण्याची नाहीतर लोकलमधल्या गर्दीची वेळ. शेवटच्या क्षणी बोली मारू म्हणाल तर बऱ्याच लिलावांत आपोआप मुदतवाढ असते: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा पाच मिनिटं पुढे. त्यामुळे तुमचा कमाल आकडा सकाळीच शांत डोक्याने ठरवा, तो टाका, आणि फोन खिशात ठेवा. मी एकदा मुलुंड ते डोंबिवली बोली वाढवत गेलो. उतरायचं होतं ठाण्याला.

भाव कसा ठरवायचा? मागितलेल्या किमतींकडे बघू नका. मागायला काय, कुणी काहीही मागतो. याहूवर मागच्या काही महिन्यांत संपलेल्या लिलावांच्या किमती दिसतात, त्या बघा. एकाच संचाच्या पाच-सहा विक्री पाहिल्या की अंदाज येतो.

पायरी 5: पाकीट आल्यावर

पहिलं काम मोजणी. यादीशी एकेक क्रमांक ताडा. मग मागची बाजू.

बंदाईने ही कार्डं पुन्हा छापलेली आहेत. कार्डदासला 30 वर्षं झाली तेव्हा, 2018 मध्ये, जुन्या कार्डांचे निवडक संच नव्याने निघाले. त्यात वाईट काही नाही, पण जुन्याच्या भावात नवं घेऊ नये. ओळखायची एक युक्ती मला फार आवडते. कार्डावर खाली बारीक अक्षरांत हक्कांची ओळ असते. ड्रॅगन बॉल, सेलर मून या मालिका ज्या कंपनीने बनवल्या ती आज तोएई अ‍ॅनिमेशन म्हणून ओळखली जाते, पण 1998 पर्यंत तिचं नाव तोएई दोगा होतं. जुनं नाव जपानीत चारच अक्षरांचं, चारही चिनी वळणाची, भरगच्च. नव्या नावात दोन भरगच्च अक्षरं आणि पुढे सात सुटसुटीत, काटकुळ्या रेघांची. जपानीचा गंध नसला तरी हे डोळ्याला दिसतं. 1990 चं म्हणून आलेल्या कार्डावर लांबलचक नाव असेल तर ते 1990 चं नाही.

गंडमच्या कार्डांत नेमकं उलटं! तिथे हक्कांच्या ओळीत 'सोत्सू एजन्सी' असतं, आणि 2007 मध्ये त्या कंपनीने नावातून 'एजन्सी' काढून टाकलं. म्हणजे तोएईत आखूड ते जुनं, सोत्सूत लांब ते जुनं. ही दोन वाक्यं पाठ करून ठेवा.

बनावट किरा कार्डंही फिरतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं. खऱ्या छपाईत रंगांचे ठिपके नीट रचलेले दिसतात आणि काळी अक्षरं कडेला धारदार असतात. घरच्या प्रिंटरवर काढलेल्यात अक्षराची कड फुटकी, भुरकट. याच भागातलं, खात्रीचं साधं कार्ड शेजारी ठेवून बघा. जाडी, कोपऱ्यांची गोलाई आणि मागचा रंग जुळायला हवा.

मान्यताप्राप्त संस्थेकडून दर्जा ठरवून, प्लास्टिकच्या पेटीत सील करून आणणं ही सध्याची फॅशन आहे. एखाद्या महागड्या किरासाठी ठीक. अख्खा संच तसा करायला गेलात तर खर्च संचाच्या कितीतरी पट होईल, आणि 42 पेट्या ठेवणार कुठे?

पायरी 6: पावसाळा

जपानी संग्राहकांचे सल्ले वाचून मी कार्डं ठेवली आणि पहिल्याच जुलैत किरा कार्डं पापडासारखी वळली. कारण साधं आहे. कार्डाचा कागद ओल पितो आणि फुगतो, वरचा चंदेरी थर पीत नाही, मग कार्ड कमान घेतं. कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात, गोव्यात राहणाऱ्यांनी ही पायरी सोडूच नये.

कार्डदासचं माप 59 बाय 86 मिलिमीटर. कार्ड घालायची प्लास्टिकची पाकिटं, म्हणजे स्लीव्ह, बाजारात सहज मिळतात ती 63 बाय 88 च्या कार्डांसाठी असतात, त्यात हे खुळखुळतं आणि कडा घासतात. दुकानात 'जपानी छोटं माप' किंवा सरळ 'यू-गी-ओची स्लीव्ह' मागा (यू-गी-ओ हा जपानी कार्डांचा खेळ), ती नेमकी बसते. अमादा किंवा त्याहून जुनी कार्डं असतील तर आधी पट्टीने मोजा.

मग नऊ खणांची पानं. 42 कार्डांना पाच पानं लागतात, तीन खण मोकळे राहतात. पानं पॉलिप्रॉपिलीनची हवीत, पीव्हीसीची नकोत. ओळखायचं कसं? पाकीट उघडून वास घ्या. नव्या रेनकोटसारखा भपकारा आला की परत करा. पीव्हीसीतला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि छपाईला चिकटतो. माझी दोन कार्डं तशी गेली. सोडवताना वेजीटाचं अर्धं कपाळ प्लास्टिकवरच राहिलं.

फाइल उभी ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. तिचा रंग पालटला की बदला किंवा सुकवून परत घाला. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. कसर लागू नये म्हणून लोक डांबरगोळ्या टाकतात. कार्डांच्या डब्यात नको. डबा घट्ट असेल तर कसर शिरत नाही. दर पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, फाइल एकदा उघडून प्रत्येक पान बघायचं. उन्हात ठेवायची नाही.

वळलेलं कार्ड सरळ करायचं असेल तर स्लीव्हमध्ये घालून, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, सिलिका जेलच्या डब्यात, वर वजन ठेवून दोन-तीन आठवडे. इस्त्री नाही. हे सांगावं लागतं, कारण मला एकाने इस्त्रीच सुचवली होती.

पायरी 7: शेवटची दोन-तीन

गणितात दिसलं तेच इथे अनुभवाला येतं. 39 पर्यंत सुरळीत, मग महिनोन्‌महिने काहीच नाही. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. हव्या असलेल्या क्रमांकाचा शोध साठवून ठेवा, कार्ड विकायला आलं की निरोप येतो. आणि डबल कार्डं बाहेर काढा. फ्रान्स, स्पेन, इटलीत ड्रॅगन बॉलचे जुने वेडे पुष्कळ आहेत, जपानबाहेरची बरीच अदलाबदल त्यांच्याकडेच चालते. त्यांच्याकडेही यादी असते, त्यांच्याही खणात भोकं असतात. एकास एक, दोघांनी पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, आणि नव्या माणसाशी पहिली अदलाबदल दोन-तीन साध्या कार्डांचीच.

अवस्थेबाबत हट्ट कुठे सोडायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. मी सध्या असं करतो: आधी मिळेल त्या अवस्थेतलं घेऊन खण भरायचा, मग चांगलं आलं की बदलायचं. माझ्या पहिल्या संचातलं बेचाळिसावं कार्ड चौदा महिन्यांनी एका गठ्ठ्यात सापडलं. दोन्ही कडांना रबरबँडची खाच आणि मागे पेन्सिलने हिरागाना या जपानी लिपीत कुणाचं तरी नाव. त्यानंतर चांगली प्रतही मिळाली. ती मोकळ्या तीन खणांपैकी एकात आहे.